इंग्रजीतला ‘वॉर्ड’: प्रभाग, रुग्णालय, पाल्य की आडनाव, हे ओळखायचं कसं

‘वॉर्डात जाऊन येतो’ असं मुंबईत कुणी म्हणालं, तर तो दाखल्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात निघालाय की केईएममध्ये कुणाला डबा द्यायला, हे त्याच्या हातात फाइल आहे की पिशवी यावरून कळतं. कागदावर ही सोय नसते. इंग्रजी मजकुरात हाच शब्द कधी शहराचा भाग असतो, कधी अज्ञान (कायद्याने सज्ञान न झालेलं) मूल, कधी किल्ल्याचं आवार, कधी कुलपाच्या पोटातला अडथळा, तर कधी सरळ एखाद्या माणसाचं आडनाव. भाषांतर करणारे, जुनी कागदपत्रं वाचणारे, विश्वकोशासाठी नोंदी लिहिणारे आणि शाळेच्या सूचना समजून घेणारे पालक या सगळ्यांना तो कधी ना कधी अडवतो. म्हणून एकेक पायरी घेत तो कसा सोडवायचा ते इथे मांडतो आहे. हीच रीत पुढे स्ट्युअर्ड, मार्शल, चेंबरलेन अशा इतर दुहेरी शब्दांनाही लावता येते.

पायरी १: आधी ठरवा, नाव आहे की शब्द

इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, तेव्हा हे सोपं वाटतं. पण सरकारी कागदात आणि बातमीच्या मथळ्यात साधा शब्दही मोठ्या अक्षराने सुरू होतो, आणि देवनागरीत तर मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही. त्यामुळे अक्षराच्या आकारावर विसंबू नका, शेजारचे शब्द पाहा.

वॉर्डनंतर आकडा आला तर ती जागा: शहराचा भाग किंवा रुग्णालयातली खोली. आधी एखादं पहिलं नाव किंवा ‘डॉक्टर’, ‘सर’, ‘मिसेस’ आलं तर आडनाव. नंतर ‘ऑफ’ आलं तर बहुधा कुणाच्या तरी ताब्यात किंवा छत्राखाली असलेली व्यक्ती, म्हणजे न्यायालयाचा किंवा सरकारचा पाल्य. इथे एक अपवाद लक्षात ठेवा. लंडनच्या जुन्या गाभ्याचे, म्हणजे ‘सिटी ऑफ लंडन’चे, २५ वॉर्ड आहेत आणि त्यांची नावं ‘वॉर्ड ऑफ चीप’, ‘वॉर्ड ऑफ क्रिपलगेट’ अशी लिहितात. तिथे ‘ऑफ’ असूनही अर्थ जागेचाच.

वॉर्ड हे पहिलं नावही असू शकतं. १९९५ साली पहिलं विकी संकेतस्थळ तयार करणारे वॉर्ड कनिंगहॅम यांचं आडनाव कनिंगहॅम आहे. उलट ‘माँटगोमेरी वॉर्ड’ असं दिसलं तर बहुतेक वेळा ती व्यक्ती नसते, ती शिकागोची टपालाने माल विकणारी पेढी असते. ती १८७२ साली ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी सुरू केली.

पायरी २: मूळ एकदा समजून घ्या

ही पायरी पुष्कळजण गाळतात. माझ्या मते ती सगळ्यात कामाची आहे, कारण ती कळली की पुढचे निम्मे अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

जुन्या इंग्रजीत ‘वेआर्ड’ हा शब्द होता. त्याचा अर्थ राखणदार, आणि राखण करण्याची क्रियाही. पुढे त्याच शब्दाने राखलेली जागा आणि राखलेलं माणूस हे अर्थही घेतले. मराठीत आपण राखणारा, राखण आणि राखलेला असे तीन शब्द करतो, इंग्रजीने तिन्हींवर एकच शब्द चालवला. पहारेकरी वॉर्ड, पहारा वॉर्ड, पहाऱ्यातलं मूल वॉर्ड आणि तटाच्या आतलं आवारही वॉर्ड. परस्परविरोधी वाटणारे अर्थ असे एका घरातले आहेत.

याच मुळाचा एक भाऊ लांबून फिरून आला. जर्मानिक टोळ्यांचा हा शब्द फ्रेंचमध्ये गेला. उत्तर फ्रान्सच्या, म्हणजे नॉर्मन लोकांच्या बोलीत त्याचा ‘व’ टिकला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा ‘ग’ झाला. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात इंग्रजीने दोन्ही रूपं घेतली. म्हणून वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन, रिवॉर्ड आणि रिगार्ड, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या दिसतात. फ्रेंचांचा गियोम आणि इंग्रजांचा विल्यम हेही याच ‘ग’ आणि ‘व’चे दोन चेहरे.

या जोडीतला ‘ग’वाला भाऊ इंग्रजी राज्य येण्याआधीच मराठीत शिरला होता. पेशवाईतली गारद आणि कवायती फौजेतले गारदी हे शब्द युरोपीय भाषांतल्या ‘गार्ड’वरूनच आल्याचं मानलं जातं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारणारे ते हेच गारदी, नावाने राखणदार. ‘व’वाला भाऊ मात्र पुढे ब्रिटिशांच्या नगरपालिका आणि दवाखान्यांबरोबर आला आणि वॉर्ड म्हणून रुजला.

एक सावधगिरी. वॉर्ड आणि आपले वाडा, वाडी, किंवा परतवून लावण्याच्या अर्थाचं ‘वॉर्ड ऑफ’ आणि आपलं वारणे, निवारण, यांचा आवाज जुळतो म्हणून नातं जोडू नका. आवाज जुळणं हा पुरावा होत नाही.

पायरी ३: सामान्य नाम असेल तर क्षेत्र ओळखा

*नगर आणि निवडणूक.* मुंबईत दोन वेगळ्या गोष्टींना वॉर्ड म्हणतात आणि इथे बातम्यांतही घोळ होतो. एक प्रशासकीय वॉर्ड, ज्याला अक्षर असतं. दादर, माहीम, धारावी हा ‘जी उत्तर’. मराठी कागदात याला ‘विभाग’ म्हणतात. दुसरा निवडणुकीचा वॉर्ड, ज्याला आकडा असतो आणि जिथून नगरसेवक निवडून येतो. मुंबईत असे २२७ आहेत आणि मराठीत तो ‘प्रभाग’. म्हणजे मुंबईच्या मजकुरात अक्षर दिसलं की विभाग, आकडा दिसला की प्रभाग.

पुण्यात ही खूण चालत नाही. एका प्रभागातून एकाहून अधिक सदस्य निवडून देण्याच्या पद्धतीत ‘प्रभाग १२ अ’, ‘१२ ब’ असं लिहितात. तिथलं अक्षर जागेचं, म्हणजे त्या प्रभागातल्या एका सदस्यपदाचं असतं. भूभाग बदलत नाही. मुंबईची सवय घेऊन पुण्याची यादी वाचणारा इथे हमखास चुकतो.

परदेशी शहरांबाबत ‘प्रभाग’ हा शब्द सरसकट वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. टोकियोचे जे २३ ‘विशेष वॉर्ड’ आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा निवडून आलेला महापौर आणि स्वतःची सभा आहे. शिंजुकूला प्रभाग म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एका नगरसेवकाचा परिसर येतो, तो फार अपुरा आहे. तिथे ‘वॉर्ड’च ठेवावं किंवा जपानी ‘कू’ वापरावं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा ‘लोअर नाइन्थ वॉर्ड’ हे तर आता वस्तीचंच नाव झालं आहे. २००५ च्या कतरिना वादळात तो बुडाला तेव्हा जगाला हे नाव माहीत झालं. ते जसंच्या तसं ठेवा, ‘खालचा नववा प्रभाग’ करू नका. आणि मॉर्मन पंथाच्या मजकुरात वॉर्ड म्हणजे स्थानिक मंडळी, म्हणजे एका परिसरातल्या अनुयायांचा समुदाय. तिथे नगरपालिकेचा संबंधच नाही.

*रुग्णालय.* इथे फार बोलायची गरज नाही. सरकारी फलकावर ‘कक्ष’ असतं, लोक वॉर्ड म्हणतात आणि वॉर्डबॉयला वॉर्डबॉयच. मराठीत वॉर्ड लिहिलं तरी कुणी अडणार नाही. तुरुंगातल्या बराकींच्या विभागालाही इंग्रजीत वॉर्ड म्हणतात, एवढं ध्यानात असू द्या.

*कायदा.* इथे चूक महागात पडते. १८९० चा ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट’ मराठीत पालक व पाल्य अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या व्याख्येनुसार वॉर्ड म्हणजे असा अज्ञान, ज्याच्या देहासाठी, मालमत्तेसाठी किंवा दोन्हींसाठी पालक आहे. ‘देहासाठी’ आणि ‘मालमत्तेसाठी’ हा भेद नीट जपा. मुलाचा सांभाळ एकाकडे आणि शेतजमिनीची व्यवस्था दुसऱ्याकडे असू शकते. निकालपत्र वाचताना पालकत्व कशापुरतं दिलं आहे, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या संस्थानिकांच्या आणि जहागीरदारांच्या कागदांत ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ भेटतं. नावात कोर्ट असलं तरी हे खटले चालवणारं न्यायालय नव्हतं. वारस अज्ञान असेल किंवा कारभार पाहण्यास असमर्थ असेल, तर त्याची मालमत्ता सांभाळणारी ती सरकारी व्यवस्था होती. मुंबई इलाख्यासाठी तिचा कायदा १९०५ चा. कल्पना मात्र इंग्लंडच्या सरंजामी काळातली. राजाकडून थेट जमीन मिळालेला सरदार अज्ञान वारस मागे ठेवून गेला, की त्या मुलाचा आणि जमिनीचा ताबा राजाकडे जाई. राजा तो ताबा पैसे घेऊन दुसऱ्याला विकू शके, आणि मुलाचं लग्न ठरवण्याचा हक्कही त्याच सौद्यात जाई. आठव्या हेन्रीने १५४० साली यासाठी स्वतंत्र ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ उभं केलं, आणि १६६० साली ते कायद्याने कायमचं बंद झालं. त्या काळचं इंग्रजी साहित्य किंवा चरित्र वाचताना वॉर्ड दिसला तर त्यामागे ही खरेदी-विक्री आहे हे मनात ठेवा. ‘पाल्य’ हा मायेचा शब्द तिथे लिहिताना एखादं वाक्य स्पष्टीकरणाचं जोडावं.

*शाळा आणि नोकरी.* भारतीय शाळा पालकांना पत्र लिहिताना मुलाला सर्रास वॉर्ड म्हणतात. अर्थ साधा: तुमचा मुलगा किंवा मुलगी. माजी सैनिकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या ‘वॉर्ड्स’साठी शिष्यवृत्ती असं जाहिरातीत असतं, तिथे मराठीत ‘पाल्य’ हाच रूढ आणि अचूक शब्द आहे. पण हा वापर भारतीय इंग्रजीचा. ब्रिटन-अमेरिकेतल्या वाचकाला या शब्दावरून असं वाटतं की मूल आईवडिलांचं नाही, न्यायालयाने नेमलेल्या पालकाच्या ताब्यातलं आहे. म्हणून परदेशी विद्यापीठाला किंवा दूतावासाला पत्र लिहिताना स्वतःच्या मुलाला वॉर्ड लिहू नका, सरळ ‘सन’ किंवा ‘डॉटर’ लिहा. शाळेकडून परदेशासाठी दाखला घेतानाही हा शब्द तपासून घ्या.

*किल्ला आणि कुलूप.* इंग्लंडच्या विंझर किल्ल्यात ‘लोअर’, ‘मिडल’ आणि ‘अपर’ असे तीन वॉर्ड आहेत. लंडन टॉवरमध्येही आतला आणि बाहेरचा वॉर्ड आहे. हे तटबंदीच्या आतलं आवार. मराठीत ‘बालेकिल्ला’ लिहिण्याचा मोह होतो, पण बालेकिल्ला हा गडाचा सर्वात उंच, शेवटपर्यंत लढवायचा भाग. विंझरचा खालचा वॉर्ड तसा नाही. ‘तटाच्या आतलं आवार’ एवढं पुरे.

कुलपातला वॉर्ड म्हणजे आतल्या बाजूला बसवलेले कठीण अडथळे. किल्लीच्या पात्याला नेमक्या तशाच खाचा असतील तरच ती फिरते. सगळी खाचांची बाजू घासून टाकलेली सडपातळ किल्ली हे अडथळे चुकवून आत फिरते, म्हणून असं कुलूप फारसं सुरक्षित धरत नाहीत. इथेही मूळ अर्थ राखण्याचाच.

पायरी ४: क्रियापद आणि पोटातले शब्द तपासा

क्रियापद म्हणून हा शब्द आता बहुतेक दोन ‘एफ’वाल्या ‘ऑफ’बरोबरच येतो (पायरी १ मधला ‘ऑफ’ एका ‘एफ’चा, वेगळा): हल्ला परतवणे, आजार दूर ठेवणे, दृष्ट लागू न देणे. संदर्भाप्रमाणे मराठी क्रियापद निवडा, एकच ठरवून ठेवू नका.

जोडशब्दांत मात्र डोळे उघडे ठेवा. स्ट्युअर्डमध्ये हा राखणदार आहे, तो मुळात घराचा कारभार राखणारा. वॉर्डरोबमध्ये आहे, कपडे राखण्याची जागा. अवॉर्डमध्येही आहे: नीट पाहून, पारखून दिलेला निर्णय हा त्याचा जुना अर्थ, म्हणूनच लवादाच्या निवाड्यालाही इंग्रजीत अवॉर्ड म्हणतात. एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार. आणि लॉर्ड या रुबाबदार शब्दाचं जुनं रूप ‘ह्लाफवेआर्ड’, म्हणजे भाकरी राखणारा.

फॉरवर्ड, टुवर्ड, ऑकवर्ड यांतला ‘वर्ड’ वेगळा. तो वळण्याच्या, दिशेच्या अर्थाच्या मुळातून आला. कॉवर्डमध्ये तर दोन्हींपैकी एकही नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या शेपटीच्या शब्दावरून आला, शेपूट घालणारा. हे ठाऊक नसेल तर व्युत्पत्तीवर लेख लिहिणारे चांगले चांगले घसरतात.

पायरी ५: आडनाव असेल तर कुटुंब कुठलं ते शोधा

वॉर्ड आडनाव दिसलं की ‘पहारेकऱ्याचे वंशज’ असं लिहून मोकळं होणं चूक आहे. या एकाच स्पेलिंगखाली निदान दोन पूर्ण वेगळे उगम आहेत. इंग्लंडमधल्या पुष्कळ घराण्यांचा पूर्वज खरोखर पहारेकरी असेल. आयर्लंडमध्ये मात्र हे ‘मॅक अन व्हार्ड’ या गेलिक नावाचं इंग्रजी रूप आहे. अर्थ: बार्डचा मुलगा, म्हणजे कवीचा मुलगा. गेलिकमध्ये ‘ब’ला ‘ह’ लागला की उच्चार ‘व’कडे झुकतो, आणि ऐकून लिहिणाऱ्या इंग्रज कारकुनाने ‘वॉर्ड’ लिहिलं. हे घराणं डोनेगॉलच्या ओ’डॉनेल सरदारांचं वंशपरंपरागत राजकवी होतं. तिथलं लेटरमॅकवॉर्ड आणि गॉलवेतलं बॅलीमॅकवॉर्ड या गावांच्या नावांत ते अजून आहे. एका बाजूला भाल्याचा पहारा, दुसऱ्या बाजूला दरबारातली कविता, आणि कागदावर अक्षरं तीच. आडनावांच्या अभ्यासात मला याहून बोलकं उदाहरण माहीत नाही.

मग ठरवायचं कसं? स्पेलिंगवरून नाही, गावावरून. कुटुंब स्थलांतर करण्याआधी कुठे होतं, तिथपर्यंत मागे जा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १८३७ पासून आहे, आणि १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं मिळतात. त्याआधी चर्चच्या वह्या. आयर्लंडची वाट खडतर आहे, कारण १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत बरीच जुनी कागदपत्रं गेली. तिथे १९०१ आणि १९११ ची जनगणना शाबूत आहे आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती जालावर मोफत ठेवली आहे. त्यामागे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं ग्रिफिथ यांचं जमीन-घर मूल्यांकन हाच मोठा आधार.

पुणे, खडकी, देवळालीसारख्या छावण्यांच्या ख्रिस्ती दफनभूमींतल्या जुन्या दगडांचा अभ्यास करणाऱ्यांना हे विशेष उपयोगी पडेल. ब्रिटिश लष्करात आयरिश सैनिक मोठ्या संख्येने होते, त्यामुळे असा दगड इंग्रजाचाच असेल असं गृहीत धरू नये. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन-३’ या मालिकेत आहेत. शोध तिथून सुरू करा.

पायरी ६: कोणता वॉर्ड, ते साल आणि जागेवरून वेगळं काढा

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा वॉर्ड म्हणजे विल्यम वॉर्ड, १७६९ ते १८२३. इंग्लंडमधल्या डर्बीचा हा मुद्रक बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांच्यासोबत होता आणि तिथल्या छापखान्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी टायपातला मराठी शब्दकोश १८१० साली याच छापखान्यातून निघाला. छापील मराठीच्या सुरुवातीच्या इतिहासात त्याचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, ते घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं. सेरामपूरचं मूळ नाव श्रीरामपूर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी गल्लत करू नका.

नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड, १७९१ ते १८६८, हे लंडनचे डॉक्टर. बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला असताना आतल्या ओल्या मातीत नेचं उगवलेलं त्यांना दिसलं. त्यातून काचेची बंद पेटी निघाली. १८३३ साली अशा पेट्यांतली रोपं जहाजाने सिडनीला जिवंत पोहोचली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून भारतात आणली. इंग्रजीत ‘वॉर्डियन केस’ दिसलं तर ती या आडनावावरून पडलेली पेटी. रोपं राखणारी असली तरी राखणीच्या अर्थावरून ते नाव आलेलं नाही.

वनस्पतिशास्त्रात आणखी दोघे आहेत, बाप-लेक. हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८८० च्या सुमारास सिलोनमध्ये कॉफीच्या तांबेऱ्याचा अभ्यास केला. त्यांचा मुलगा फ्रँक, १८८५ ते १९५८, तिबेट, आसाम आणि ब्रह्मदेशात रोपं शोधत फिरला. तो आईचं माहेरचं आडनाव जोडून किंग्डन-वॉर्ड लिहीत असे. ग्रंथालयाच्या यादीत त्याला ‘क’ आणि ‘व’ दोन्ही ठिकाणी शोधावं लागतं.

बायकांच्या बाबतीत वेगळी अडचण येते. कादंबरीकार ‘मिसेस हंफ्री वॉर्ड’ या मेरी ऑगस्टा वॉर्ड. हंफ्री हे नवऱ्याचं नाव आणि वॉर्ड हे आडनावही त्याच्याकडून आलेलं. तेव्हा त्यांच्या माहेरचा वंश या आडनावात शोधू नये. अर्थतज्ज्ञ बार्बरा वॉर्ड, १९१४ ते १९८१, यांचं मात्र ते जन्माचं आडनाव. न्यूझीलंडचे दोनदा पंतप्रधान झालेले सर जोसेफ वॉर्ड मेलबर्नला एका आयरिश कुटुंबात जन्मले. त्यांच्या नावामागे पहारेकरी शोधण्याआधी कवी शोधावा.

पायरी ७: देवनागरीत उतरवताना

मराठीत ‘वॉर्ड’ लिहा. ‘वार्ड’ हे हिंदी वळण आहे, आणि ‘वर्ड’ लिहिलं तर तो ‘शब्द’ या अर्थाचा वेगळाच इंग्रजी शब्द होतो. जालावर शोधताना तिन्ही रूपं टाकून पाहा, कारण लिहिणारे तिन्ही वापरतात. आपलं ‘वर्दे’ आडनाव रोमन लिपीत कुणी ‘डब्ल्यू’ने लिहिलं, तर ‘वॉर्ड’ला शेवटी एक ‘ई’ लागल्यासारखं दिसतं आणि इंग्रजीतही ‘वॉर्ड’चं असं ‘ई’वालं आडनाव आहे. यादी चाळताना पहिलं नाव पाहिल्याशिवाय त्याचं लिप्यंतर करू नका. वर्धा शहराचीही रोमन अक्षरं याच चार अक्षरांनी सुरू होतात, म्हणून संगणकावर शोध घेताना ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडा. नाहीतर यादी वर्ध्याच्या बातम्यांनी भरून जाते.